घरच्यांसकट केस

वॉर्डाच्या दारात तो माझ्यावर धडकलाच. बगलेतली उशी सावरत म्हणाला, "सॉरी हं! तुम्ही त्या समाजसेवा करणाऱ्या ना? छान! आणि... पोटापाण्याला काय करता?"

"हेच. पगार मिळतो मला."

तो असा काही ओशाळला, की माझा राग तिथेच विरघळला. तो सुतार होता. अपघातात त्याच्या वडिलांचा पाय गेला होता आणि तेव्हापासून बाबांनी बोलणंच टाकलं होतं.

तसं त्याचं ते विचारणं चुकलं नव्हतं. पूर्वी इथे हौशी बायका फळं वाटून जायच्या. आमच्या मोठ्या मॅडमनी भांडभांडून समाजसेविकेची पहिली पगारी जागा मिळवली. आता पेशंटला घरी सोडण्याआधी डॉक्टर आम्हाला विचारतात. मॅडमचा विषय निघाला की माझी मान आपोआप ताठ होते.

मी रोज बाबांजवळ नुसती बसायचे. एके दुपारी विचारलं, "कुठे जावंसं वाटतं?" ते पुटपुटले, "कारखान्यात." सुट्टी मिळाल्यावर मुलाने त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यातच एक कोपरा साफ करून खाट टाकली. मी तिथेही भेटीला जायचे. थोड्याच दिवसांत बाबा कुबड्या टेकत त्याच्या कामाला नावं ठेवू लागले.

"आम्ही समजावून थकलो," तो मला म्हणाला, "तुम्ही नुसतं विचारलंत. कमाल आहे तुमची!"

"कमाल कसली? शिकलेय मी ते." पण कान तापलेच.

"मग रविवारी... फिरायला येता?"

"नाही. बाबा माझी केस आहेत."

"बाबा आहेत. मी कुठे आहे?"

"केस घरच्यांसकट असते."

त्याचा चेहरा उतरला. माझा जीव तर केव्हाच त्याच्यात अडकला होता! पण नियम मोडला असता, तर मॅडमच्या सगळ्या मेहनतीवर मीच पाणी ओतलं असतं. शेवटी धीर करून त्यांनाच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"केस दुसरीकडे दे," म्हणाल्या, "मग तुझं तू बघ."

दोन दिवसांनी तो तणतणत ऑफिसात आला.

"आमच्याकडे दुसऱ्या बाई पाठवल्यात? राग माझ्यावर होता ना? मग बाबांनी काय घोडं मारलं होतं? त्यांना का सोडलंत?"

"त्यांना सोडलं, कारण..." मी टेबलाची कड घट्ट धरली. "कारण तुम्हाला सोडवत नव्हतं."

तो कानापर्यंत लाल होत म्हणाला, "त्या दुसऱ्या बाई... तशा फारच चांगल्या आहेत हो."