सभासद क्रमांक ४१७१

वाचनालयात येणारे लोक हल्ली पहिल्यांदा पुस्तक नाही, पासवर्ड विचारत. ग्रंथपालबाईंनी तो कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. त्या न बोलता बोट दाखवत. लोक फोन चार्जिंगला लावत, पंख्याखालची खुर्ची धरत आणि संध्याकाळी उठून जात. कपाटांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. दोघी मदतनीस होत्या, त्यांचीही बदली झाली. आता कुलूप उघडण्यापासून लावण्यापर्यंत सगळं एकट्या बाईच. घरीही तेच. आई गेल्याला अकरा वर्षं झाली होती, तेव्हापासून मागची खोली बंद आणि टेलिफोन नुसता शोभेला. दिवसचे दिवस बाईंना स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे.

मग मुख्य कचेरीनं पुस्तकांवर काळ्या रेघांच्या पट्ट्या चिकटवल्या, संगणक बसवला आणि नियम काढला. पाच वर्षांत जे पुस्तक एकदाही कुणी घरी नेलं नाही, ते रद्द. पूर्वी असं पुस्तक कोपऱ्यात सुखानं पडून राही. आता यादी आपोआप निघे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी गाडी येणार, पोत्यांत भरून लगद्याला नेणार. पहिल्याच यादीत दोनशे बारा पुस्तकं होती. त्यांतल्या निम्म्यांना बाईंनी आपल्या हातानं कव्हरं घातली होती. बाईंनी आयुष्यातली पहिली लबाडी केली.

त्यांनी एक सभासद तयार केला. क्रमांक ४१७१. नावाच्या रकान्यात नुसतं ‘वाचक’. पत्ता आणि फोन भरल्याशिवाय संगणक पुढे सरकेना, म्हणून स्वतःच्याच घरचा दिला. रोज बंद करताना यादीतली दहा पुस्तकं त्याच्या खात्यावर टाकायची, सकाळी परत जमा करायची. पुस्तकं कपाटातून हलतसुद्धा नसत. गाडी दोनदा रिकामी गेली. बाई स्वतःवर बेहद्द खूश होत्या.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी, खात्यावर टाकलेलं एक प्रवासवर्णन कपाटात दिसेना. ते दाराबाहेरच्या परतीच्या पेटीत सापडलं. नेलं असेल कुणीतरी न सांगता, बाईंनी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पेटीत तीन पुस्तकं होती. आठवड्याभरात दहाच्या दहा. पानं किंचित कोमट लागत, उशाखालून काढल्यासारखी. एकात खुणेला कॅलेंडरचा त्रिकोणी तुकडा होता. साल अकरा वर्षांपूर्वीचं.

त्या संध्याकाळी बाईंनी मागची खोली उघडली. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचा कोपरा सरळ रेषेत कापलेला होता.

“मेले उंदीर!” बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि कडी घातली. उंदरांना कात्री चालवता येत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी नोंद करायला हात धजेना. पण शनिवार तोंडावर आला होता. बाईंनी दहा पुस्तकं टाकली.

शुक्रवारी पाचच्या सुमाराला मुख्य कचेरीतल्या संगणकवाल्याचा फोन आला.

“बाई, हा ४१७१ कोण हो?”

“आहेत एक,” बाई म्हणाल्या. “येतात अधूनमधून.”

“साहेबांना वाटलं, खातं खोटं आहे. म्हणून मी दुपारी त्यांच्या घरी फोन लावला.”

संपलं सगळं, बाईंना वाटलं. उद्याच पोती भरणार. “मग?”

“मग काय, बोलले की! भला माणूस वाटला. म्हणाले, मला बाहेर पडवत नाही, बाईच ये-जा करतात. पुस्तकं झकास आहेत, पण वाचून दाखवायला कुणी असतं तर बरं होतं.” तो हसला. “साहेबांची खात्री पटली. हे खातं चालू आहे तोवर कपाटांना हात लावणार नाहीत.”

फोन ठेवून बाईंनी खातं उघडलं.

एका सभासदाला दहाच पुस्तकं मिळत. तिथं अकरा नोंदी होत्या. अकरावा आकडा बाईंना पाठ होता. तो त्यांच्या गळ्यातल्या हजेरीच्या कार्डाचा होता. त्यावरही पुस्तकासारखीच काळ्या रेघांची पट्टी होती.

नेल्याची वेळ : साडेपाच. भिंतीवर पाच वीस झाले होते.

परतीची तारीख रिकामी होती.

बाईंनी नोंद पुसायला घेतली. पडद्यावर ओळ आली : सभासदाचं खातं कायमचं बंद केल्याशिवाय ही नोंद काढता येणार नाही.

बाईंनी कपाटांकडे पाहिलं. दोनशे बारा. त्यांनी बटणावरचं बोट उचललं. आणि खरं सांगायचं तर, अकरा वर्षांत बाईंना कुणी मागितलं नव्हतं.

साडेपाचला त्यांनी कुलूप लावलं.

घराशी पोचल्या तेव्हा चांगला उजेड होता. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती.

किल्ली पर्समध्येच होती. तरी बाईंनी आपल्या दाराची बेल वाजवली.

आत कुणीतरी पुस्तक मिटलं.