काचेवरची दृष्ट

मलकापुरातल्या आपल्या लॅबमध्ये डॉक्टर दीपमाला सकाळी आधी चहा संपवत आणि मगच मायक्रोस्कोपला डोळा लावत. रिकाम्या पोटी वाईट बातमी बघू नये, एवढी एकच अंधश्रद्धा त्यांनी स्वतःला मंजूर केली होती.

त्या दिवशी काचेवर शिवांजलीचं रक्त होतं. कडेगावची पोर, पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करता करता तापाने आडवी झालेली. निरोगी पांढऱ्या पेशीचं केंद्रक तुकड्या-तुकड्यांचं असतं, भोवती बारीक दाणे. त्या दाण्यांच्या जोरावर ती जंतू गिळून पचवते. इथे नुसत्या कोवळ्या, फुगीर पेशी. केंद्रकानेच सगळी जागा खाल्लेली, दाण्यांचा पत्ता नाही. भरती झाले, पण कवायत न शिकताच बराकी अडवून बसलेले जवान जणू. म्हणून ताप हटत नव्हता, हिरड्यांतून रक्त येत होतं. रक्ताचा कॅन्सर होता.

शिवांजलीची आई, साळूबाई, समोरच बसली होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आवं डॉक्टरीणबाई, मला दावा की. माज्या पोरीला काय खातंय ते बघू तरी द्या."

दीपमालांनी दाखवलं. बाईने बराच वेळ डोळा लावला. मग लेकीसाठी पदराला बांधून आणलेल्या मीठ-मोहऱ्या सोडल्या आणि चक्क त्या काचेवरून ओवाळल्या.

"दृष्ट पोरीची काढायची ना?" दीपमालांना हसू आवरेना.

"तिची रोजच काडतीया. आज दुखणं घावलंय न्हवं, मग तितंच काडाय पायजे."

दुसऱ्या दिवशी, पुण्याला पाठवण्याआधी, दीपमालांनी पोरीचं ताजं रक्त पाहिलं. तुकड्यांची केंद्रकं, भरगच्च दाणे. नमुना बदलला असणार, म्हणून त्यांनी कालची काच काढली. तिच्यावर नाव त्यांनीच कोरलं होतं.

तीही निरोगी होती.

वाळवलेलं, रसायनात थिजवलेलं, रंगवलेलं रक्त. त्यातली पेशी मेलेली असते. मेलेली पेशी सुधारत नाही.

पुण्यात हाडातली मज्जाही तपासली, काही निघालं नाही. "रिपोर्ट चुकलाय तुमचा," असं तिथल्या डॉक्टरांनी फोनवर सुनावलं. चूक ठरल्याचा एवढा आनंद दीपमालांना जन्मात झाला नव्हता! ताप उतरला, पोर पुन्हा मैदानात उतरली आणि भरतीच्या दिवशी अशी पळाली की पुढे कुणी दिसेना.

खाकीतली लेक आणि कंदी पेढे घेऊन साळूबाई आली, तेव्हा दीपमालांनी तिला मिठीच मारली. पेढा खाता खाता ती हळूच म्हणाली, "रागावू नगा बाई. तवा तुमी हात धुवाय गेला आनि काचांची पेटी उघडीच व्हती. म्हनलं, त्या काचांचीबी काडावी. कुनाची का असंनात, लेकरंच की ती."

मायलेकी गेल्यावर दीपमालांनी जुन्या रुग्णांच्या काचांची ती पेटी उघडली. त्यातल्या कितीतरी जणांना उतार पडल्याचं कानावर आलं होतं. त्यांनी तेव्हा औषधांना शाबासकी दिली होती. आता एकेक काच बघताना त्यांचे डोळे भरून आले. सगळे जिंकले होते.

तळाशी शेजारच्या सयाजीची काच होती. तो साळूबाई येण्याआधीच याच दुखण्याने गेला होता. त्याची राख कृष्णेत सोडली, तेव्हा दीपमाला घाटावर होत्या.

त्यांनी ती काच लावली. कोवळी पेशी औषधालाही नव्हती.

बाकीच्या हलत होत्या.

त्यांनी काच घाईने ओढली. बोटाला काचेवरचं रक्त लागलं.

ते कोमट होतं.