वर जाणारं पाणी

मंगळवार आणि शुक्रवार हे पाण्याचे वार. त्या दिवशी जेमोच्या कॉन्डोमिनियम वसाहतीत कोणी गावाला जात नाही, कोणी पाहुणे बोलवत नाही, शक्यतो कोणी आजारीही पडत नाही. सगळे नळापाशी असतात.

एकशेबारा नंबरच्या इमारतीत चौथ्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या मजल्यावर बेझाबिह आणि त्याची बायको अमसाले राहत. बेझाबिहने साखर कारखान्यात एकतीस वर्षं पाइपफिटरचं काम केलं होतं, फोरमन होऊन निवृत्त झाला होता. वाफेची लाइन असो, रसाची असो, नुसता तळहात टेकवून आत काय चाललंय ते तो सांगायचा. आणि याच माणसाच्या स्वयंपाकघरातला नळ सोळा दिवस कोरडा होता.

सोळाव्या दिवशी मंगळवार आला. ऊन बाल्कनीतल्या रिकाम्या पिंपांवर आलं, तेव्हा खाली बादल्यांचा खणखणाट सुरू झाला. तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा. मग उभ्या पाइपातून हवा ढकलल्याची शीळ वर आली. बेझाबिहने नळ पूर्ण सोडला. नळ दोनदा खोकला, एक तांबूस थेंब टाकला आणि गप्प झाला.

एरवी तो इथे दोन शिव्या हासडून उठायचा. त्या दिवशी त्याने पाइपावर हात ठेवला.

पाइप गार होता आणि थरथरत होता. आत पाणी होतं. अडलेलं नव्हतं, वाहत होतं. त्याच्या नळाच्या फाट्यापाशी येऊन, त्याला ओलांडून, वर चाललं होतं.

"आलं का?" अमसालेने बाहेरून विचारलं.

"आलंय."

"मग भरा की!"

"वर जातंय."

अमसाले दारात येऊन उभी राहिली. तिने छताकडे पाहिलं. छताच्या वर पत्रा होता, पत्र्याच्या वर आभाळ.

"वर कुठे?" ती म्हणाली.

"मला काय माहीत!" बेझाबिह एवढ्या जोरात ओरडला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

फाटा तुंबला असेल म्हणून त्याने तो त्याच दुपारी खोलला. आतून स्वच्छ होता. परत जोडला, आणि पिवळा कॅन घेऊन खालच्या सार्वजनिक नळाकडे निघाला. बहात्तर पायऱ्या उतरायच्या, रांगेत उभं राहायचं, वीस लिटर घेऊन बहात्तर पायऱ्या चढायच्या. अमसालेचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले होते, त्यामुळे हे काम त्याचंच.

तिसऱ्या मजल्यावरची त्रुनेश जिन्यात स्टूल टाकून मसूर निवडत बसली होती. इमारतीच्या कमिटीत ती होती आणि तिच्या नजरेतून जिन्यातलं मांजरही सुटत नसे.

"काय हो गाशे, पाइपाला कान लावून बसता म्हणे. बातम्या लागतात का?" वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे गाशे म्हणतात.

"तुझी थट्टा राहू दे. तुझ्याकडे पाणी आलं ना? माझ्याकडे थेंब नाही. सगळं वर जातंय."

"वर तर तुम्हीच राहता!"

"माझ्याही वर."

त्रुनेश हसली नाही. सूप मांडीवर तसंच ठेवून तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हे बघा, वयाचा मान ठेवून बोलते. शुक्रवारी दुपारभर डोक्यावर बादल्या भरायचा आवाज ऐकलाय मी. पिंप सरकवलं, ते पण ऐकलं. चोरून मोटर लावली असेल तर सांगून टाका. आम्हाला का वेड्यात काढता?"

दुसऱ्या दिवशी कमिटीची तीन माणसं घर तपासायला आली. त्यांनी पिंपं वाजवून पाहिली. ती पोकळ वाजली. एकाने मोरीत डोकावलं. एक जण गुडघ्यांवर बसून पलंगाखाली वाकला, तेव्हा बेझाबिहने तोंड भिंतीकडे फिरवलं. मोटर नव्हतीच, सापडणार कुठून? माणसं ओशाळली. जाताना एक जण थोरल्या बहिणीशी बोलावं तसं म्हणाला, "एतिये अमसाले, मनावर घेऊ नका."

"मनावर नाही घेतलं," अमसाले म्हणाली, "पण बसा असं म्हणता येत नाही. कॉफीपुरतंही पाणी नाही घरात."

माणसं गेल्यावर तिने कोरडे कप पुसून परत फळीवर ठेवले. दारी आलेल्याला कॉफीशिवाय जाऊ देणं तिच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

"हिरुत बोलावतेय हवासाला," ती शेवटी म्हणाली. हिरुत ही त्यांची हवासा शहरात राहणारी मुलगी. "सण झाला की जाते मी."

"आणि मी?"

"तुम्ही बसा पाइपाला कान लावून."

बेझाबिह पाण्याच्या ऑफिसात गेला. दोन तास बाकड्यावर काढल्यावर खिडकी उघडली. त्याने अर्जात स्वच्छ लिहिलं होतं : पाणी माझ्या मजल्यावर न थांबता वर जाते.

कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. "कितवा मजला तुमचा?"

"चौथा."

"इमारत किती मजल्यांची?"

"चार."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "आजोबा, 'पोचत नाही' असं लिहा. पोचत नसेल तर आमच्याकडे रकाना आहे. 'जाते' याला रकाना नाही."

"पण पोचतंय! पोचून पुढे जातंय. एकतीस वर्षं हेच केलंय मी."

"मग तुम्हीच दुरुस्त करा की," असं म्हणून त्याने पुढच्या माणसाला हात केला.

बसमध्ये उभ्याने परत येताना बेझाबिहचं डोकं भणभणत होतं. दुरुस्तच करायचं ठरवलं त्याने. फाट्याच्या वर, छताला लागून एक व्हॉल्व्ह होता. टाकीसाठी ठेवलेला. टाकी पत्र्यावर बसवायची होती, ती कधीच बसली नाही. शुक्रवारी पाणी चढू लागलं तसा तो स्टुलावर उभा राहिला आणि व्हॉल्व्ह आवळून बंद केला.

थरथर थांबली. खाली नळ सुसाटला आणि बादलीत पाण्याची जाड धार पडली. बेझाबिहच्या तोंडून हसू फुटलं.

तेवढ्यात वरून पाइपावर कोणीतरी ठोकलं. टक, टक, टक. मध्येच पाणी गेल्यावर शेजारी ठोकतात, तसंच. चिडून नाही, जरा घाईने.

त्याचा हात त्याने न सांगताच व्हॉल्व्हकडे गेला आणि त्याने तो उघडला. धार बारीक झाली, तुटली. पाइप पुन्हा थरथरू लागला.

"बरं केलंत," मागून अमसाले म्हणाली. "त्यांच्याकडे कार्य आहे."

तो स्टुलावरून सावकाश उतरला. "कोणाकडे?"

"वरच्यांकडे. तुम्ही खाली रांगेत असता तेव्हा ऐकू येतं. मोठाली भांडी घासतात. कांदे चिरतात, खूप कांदे. पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक असावा."

"कसलं कार्य?"

"ते कळत नाही." अमसालेने जरा विचार केला. "बायका पुष्कळ आहेत. पण हसत नाही कोणी."

तिच्या आवाजात भीती नव्हती, याचाच बेझाबिहला राग आला. कारखान्यात त्याने बॉयलर फुटताना पाहिला होता. ज्याचं कारण सापडत नाही ते कारण आपण नीट शोधलेलं नसतं, एवढंच तो मानायचा. त्याने मेकुरियाला फोन लावला. मेकुरिया त्याच्या हाताखाली काम केलेला फिटर, आता स्वतःच पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला. तो मंगळवारी येतो म्हणाला.

मंगळवारी सकाळी अमसाले पुन्हा पाण्याविषयी बोलू लागली. पिंपाच्या तळाशी वाटीभर उरलं होतं. तोंड धुवायचं की भात टाकायचा, असं तिने विचारलं. अगदी साधं विचारलं. पण बेझाबिहच्या गुडघ्यांत कालच्या तीन खेपांचा ठणका होता.

"मला विचारू नकोस!" तो म्हणाला. "एवढी ओळख झालीय ना त्यांच्याशी? मग जा वर आणि घेऊन ये!"

अमसालेने वाटी खाली ठेवली.

मेकुरिया आला. जिन्याच्या टोकाशी शिडी लावून, झाकण ढकलून दोघं पत्र्यावर चढले. माथ्यावर ऊन होतं. समोर फुरीचा डोंगर, खाली सगळीकडे सारख्याच इमारती, बाल्कन्यांत सारखेच पिवळे कॅन. पत्र्यातून हातभर पाइप वर आलेला होता आणि त्याच्या तोंडाला प्लग घट्ट बसवलेला होता. प्लगवर गंज, गंजावर जुना रंग. कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

खालून बादल्यांचा आवाज आला. पाणी सुटलं होतं.

बेझाबिहने वाकून पाइपाला कान लावला. मग सरळ होऊन मेकुरियाला खूण केली. मेकुरियाने कान लावला.

"वाहतंय," मेकुरिया म्हणाला.

"कुठल्या बाजूला?"

मेकुरियाने पाना काढला, सगळा भार टाकून प्लग फिरवला. तो किरकिरत निघाला. आत कोळ्याचं जाळं होतं. मेकुरियाने बोट घालून बाहेर काढलं. बोटाला कोरडी धूळ लागली.

आवाज चालूच होता. पाइपाच्या उघड्या तोंडाशी थांबत नव्हता. तिथून पुढे, हातभर वर, मग डोक्याच्या उंचीवर, मग आणखी वर.

मेकुरियाने पाना पिशवीत टाकला. "गाशे, मी तुम्हाला खूप मानतो. पण मी इथे आलो नव्हतो."

तो शिडीने उतरून गेला.

बेझाबिह एकटाच पत्र्यावर उभा राहिला. पाइपाच्या तोंडातून अमसालेचा आवाज आला. स्वयंपाकघरातून येत होता, अगदी स्पष्ट.

"हो, हो. ऐकलं मी," ती म्हणत होती. "एवढ्यांना ते पुरणार नाही. थांबा, माझं मोठं पातेलं आणते."

त्रुनेश आली असेल, असं त्याला वाटलं.

मग त्याच्या डोक्यावर, निळ्या मोकळ्या आभाळात, कोणीतरी नळ बंद केला. चावीची किरकिर त्याने नीट ऐकली. जुनी, झिजलेल्या वॉशरची.

पाण्याचा आवाज थांबला.

पत्र्यावर, त्याच्या बुटाशेजारी, दोन थेंब पडले. उन्हात ते लगेच सुकले.

तो खाली उतरला तेव्हा घराचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. खोलीत नव्हतं, बाल्कनीत नव्हतं. फळीवरचं मोठं पातेलं नव्हतं.

जिन्यात त्रुनेश मसूर घेऊन बसलेली होती.

"अमसाले कुठे गेली?"

"घरातच असेल की. नळाखाली पिंप लावून मी केव्हाची बसलेय इथे. तो तुमचा फिटर तेवढा गेला, तोंड पांढरं करून. दुसरं कोणी उतरलं नाही."

"नीट आठव, त्रुनेश."

"गाशे, त्या गुडघ्यांनी ती माझ्यासमोरून उतरली असती तर मीच नसता का हात दिला?"

शोधायचं तेवढं शोधलं. पोलीस आले, पत्र्यावर जाऊन आले, पाइपाचं उघडं तोंड बघून त्यांनी ते कशाचं म्हणून विचारलं. चर्चच्या आवारात विचारपूस झाली, इस्पितळं झाली, बस स्टँडवर फोटो लागला. हवासाहून हिरुत आली आणि तीन आठवडे राहिली. बेझाबिहने तिला सगळं सांगितलं. अर्ज, व्हॉल्व्ह, मेकुरियाचं बोट, पातेलं. फक्त त्या सकाळचं स्वतःचं एक वाक्य सांगितलं नाही.

"चला माझ्याबरोबर, बाबा," हिरुत म्हणाली. "इथे काय आहे तुमचं?"

तो नाही म्हणाला. कारण विचारलं तेव्हा घर रिकामं सोडता येत नाही, एवढंच म्हणाला.

हिरुत गेल्यानंतर त्याच्या दाराशी रोज भरलेला कॅन दिसू लागला. पलंगाखाली वाकलेला तो कमिटीवाला आणून ठेवत असे. बेल न वाजवता निघून जाई. त्रुनेश दुपारच्या जेवणाला इंजेरा, आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, आणून द्यायची, आणि आपण मोटरविषयी बोललो ते पोटात ठेवू नका, असं दर वेळी म्हणायची. आता डोक्यावर काही ऐकू येत नाही, हेही तिने एकदा सांगितलं. पाण्याची लाइन मात्र होती तशीच होती. खालचे सगळे मजले भरायचे, चौथा कोरडा. बेझाबिहने तक्रार करणं सोडलं होतं.

एका गुरुवारी, ऐन दुपारी, तो पलंगावर पडला होता. गुरुवार म्हणजे पाण्याचा वार नव्हे. साऱ्या इमारतीत कुठे बादली वाजत नव्हती. स्वयंपाकघरात नळ खोकला.

तो उठून गेला. नळ दोनदा खोकला, आणि मग पाणी आलं. स्वच्छ, गार, मनगटाएवढी धार.

बेझाबिह धारेकडे बघत राहिला. मग पाणी वाया जातंय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने कॅन ओढून खाली सरकवला आणि शेजारी उभा राहिला. छताकडे तोंड करून एक हाक मारावी असं त्याला वाटलं. तोंड उघडलंही. पण वरून उत्तर आलं तर काय विचारायचं, हे त्याला सुचेना.

कॅन गळ्यापर्यंत भरत आला. त्याने नळ बंद करायला हात पुढे केला. हात चावीला लागायच्या आत, एक थेंबही बाहेर न सांडता, पाणी वरूनच बंद झालं.