फळी पडतेय गोऽ

सव गावाच्या खालच्या अंगाला, खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून जुन्या लोकांनी बांध घातला होता. बांधाच्या पोटात दगडी मोरी, तिलाच उघाडी म्हणत. ओहोटीला तिच्या फळ्या उचलायच्या, भरती लागली की पाडायच्या. हे काम हैबतीकडे बापाकडून आलेलं. एकसष्ट साली सरकारने लोखंडी दार धाडलं, भरतीच्या रेट्याने आपोआप मिटणारं. ते उद्या बसणार होतं. त्या दुपारी हैबती शेवटच्या वेळी फळ्या पाडायला निघाला.

फळी पाडण्याआधी तीनदा हाक द्यायची रीत. बायका मोरीतून पलीकडे चिंबोऱ्या धरायला जात. फळी पडली की परतीची वाट बंद. मागे भरती, पुढे शेवाळलेली उभी भिंत.

दोन वर्षांपूर्वी एकदा फळी पाडताना, लोखंडी दाराची मापं घ्यायला आलेला साहेब शेजारी उभा होता. इस्त्रीच्या कपड्यांपुढे गुराख्यासारखं काय ओरडायचं, म्हणून हैबती गप्प राहिला. पुढच्या ओहोटीला ठकूबाई चिखलात मेलेली सापडली. "मी तीनदा हाकारलं, तिलाच कमी ऐकू यायचं," असं तो गावभर सांगत सुटला. जळो ते तोंड! तिचा नवरा भागोजीसुद्धा "आसंल" म्हणाला, आणि त्या "आसंल"ची लाज हैबतीला जेवू देईना.

भागोजी आजही बांधावर बसला होता.

"फळी पडतेय गोऽ!" हैबतीने हाक दिली.

"ओऽ..." मोरीपलीकडून बाईचा आवाज आला. दोन वर्षं रोज येत होता. आज मात्र हैबतीच्याने फळी सोडवेना.

"भागोजीदादा... त्या दिशी मी हाक मारलीच नाय. सायबापुढं लाज वाटली."

भागोजी खाडीकडेच बघत राहिला. "म्हायत हाय. ती रोज सांगते... मीच म्हनायचो, तुला ऐकू आलं नसंल."

तो पालथा पडला आणि त्याने भिंतीवरून हात खाली सोडला. खाली नुसता चिखल. तरी त्याचा हात ताणला, खांदा कडेपर्यंत ओढला गेला.

"जड हाय," तो पुटपुटला. "तुझा हात दे."

हैबतीने डोळे मिटून हात खाली सोडला. थंड, ओल्या बोटांनी त्याचं मनगट धरलं.

"आता तूच काढ तिला," भागोजी म्हणाला.

हैबतीने डोळे उघडले तेव्हा तो मागे न बघता गावाकडे चालू लागला होता. भरतीचं पाणी अजून भिंतीपर्यंतही पोचलं नव्हतं, तरी मनगटावरची ओली पकड सुटली नव्हती.