झिलबा डॉट भारत

हेमलताबाई लोहारांच्या दुकानाचं नाव ‘न्यू गजानन कुकर अँड मिक्सर पार्ट्स’ होतं, आणि तेच त्यांच्या मुळावर आलं होतं.

दुकानापर्यंत आता कुणी चालत येत नसे. घरोघरी भिंतीत एक ‘सांगाती’ बसला होता. त्याला नुसतं सांगायचं, की वस्तू दारात हजर. ‘कुकरची रिंग मागव’ म्हटलं, तर ज्या बड्या कंपनीने सांगातीला पोसलं असेल तिच्याकडची रिंग येई. मात्र संकेतस्थळाचा पत्ता सांगून ‘तिथूनच मागव’ म्हटलं, तर त्याला तिथंच जावं लागे. कायदाच तसा होता. म्हणजे छोट्या दुकानदाराला जगायचं असेल, तर त्याचा पत्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यात हवा आणि ऐन वेळी तोंडात यायला हवा. आता कराडच्या एखाद्या बाईने, एका हाताने भात ढवळत, ‘न्यू गजानन कुकर अँड मिक्सर पार्ट्स कराड दोन डॉट भारत’ असं म्हणायचं! ‘दोन’ अशासाठी, की बिनआकड्याचा पत्ता कुणीतरी आधीच घेऊन ठेवला होता. बायका अर्ध्यावर कंटाळत आणि सांगाती भलत्याच गजाननाकडे जाई.

हेमलताबाई नावं शोधून शोधून दमल्या होत्या. लेकीने सुचवलेली, व्याह्यांनी सुचवलेली, देवांची, नद्यांची, फुलांची, सगळी नावं साठेबाजांनी केव्हाच अडवून ठेवली होती. यजमान दिवसभर काउंटरमागे बसून एकच जुना मिक्सर खोलून ठेवीत आणि परत जोडीत. कुणी दुरुस्तीला दिलेला नसे, तरी जोडीत. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. दुकान बंद झालं तर हा माणूस नुसता बसून राहील आणि बसल्या बसल्या संपेल, याची हेमलताबाईंना धास्ती होती. म्हणून त्या पुण्याला नामशाळेत गेल्या.

नामशाळा म्हणजे नावांची प्रयोगशाळा. तिथल्या डॉक्टर ऊर्मी केळशीकर मेंदूच्या अभ्यासक होत्या. वयाने हेमलताबाईंच्या लेकीएवढ्या.

“बाहेर बाकावर कोण बसलेत, काकू?”

“आमचे हे हायेत.”

“बरं.” डॉक्टरांनी समोरचा पडदा जवळ ओढला. “चांगल्या पत्त्याचे नियम सोपे असतात. छोटा हवा, एकदा ऐकून लिहिता यावा, मध्ये आकडे आणि रेघा नकोत. उद्या तुम्ही पंखे विकायला लागलात तरी तो चालावा. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर चांगली नावं संपली. आम्ही त्याच्या पुढचं करतो. आम्ही नाव रुतवतो.”

“म्हंजे?”

“रस्त्यात कुणी भेटतं. चेहरा ओळखीचा असतो, गाव आठवतं, त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो तेही आठवतं. नाव मात्र येत नाही. होतं ना असं?”

“रोजच होतंय की.”

“कारण बाकीच्या माहितीला दहा धागे असतात, नाव एकाच धाग्यावर लोंबतं. आम्ही असे ध्वनी शोधलेत, की ते कानावर पडताच मेंदू त्यांना जाड दोरा देऊन टाकतो. नाव किती खोल रुतलं याचं माप म्हणजे रुतांक. तुमच्या गजाननाचा रुतांक शंभरात नऊ.”

“गणपतीचा नऊ?” हेमलताबाईंना ते लागलं.

“गणपतीचा नाही हो काकू, दुकानाचा.”

मग त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी चढली आणि कानात एकेक शब्द वाजू लागला. बहुतेक शब्द येऊन निघून गेले. एक मात्र असा बसला, की टोपी काढल्यावरही तो जिभेवर होता. झिलबा. रुतांक एक्याण्णव.

“याचा अर्थ काय?”

“काहीच नाही. म्हणून तर तो अजून कुणी घेतला नाही.” डॉक्टरांनी टोपी बाजूला ठेवली. “एक सांगायला हवं. हा जाड दोरा डोक्यात नव्याने कातला जात नाही, आहे त्यातूनच ओढला जातो. मग एखादं दुसरं नाव सैल होऊन गळतं. जे तोंडाने फारसं उच्चारलं जात नाही, ते आधी. नुसतं मनात असून भागत नाही. गिऱ्हाइकांचंही एखादं जाईल. शाळेतली मैत्रीण, जुना भाडेकरू. कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.”

“गळालेलं परत येतं का?”

“कुणी सांगितलं तर तेवढ्यापुरतं. टिकत नाही. तुम्ही तर दिवसभर झिलबा झिलबा करणार, तेव्हा जपा. जिवाभावाच्या माणसांची नावं रोज सकाळी मोठ्याने घेत जा.”

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. “हां नचिकेत, अर्ध्या तासात पोचते,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्याला अशी सरळ हाक ऐकून हेमलताबाईंना गंमत वाटली. घरी दुकान वाट बघत होतं. त्यांनी झिलबाला होकार दिला.

झिलबा चालला. नुसता चालला नाही, धावला. कराडपासून कोल्हापूरपर्यंत रिंग सैल झाली की बायका भिंतीला ‘झिलबा’ म्हणू लागल्या. यजमानांना मान वर करायला फुरसत उरली नाही आणि त्यांच्या गालांवर मांस आलं. हेमलताबाई मात्र तशाच दमलेल्या राहिल्या, आता कामाने. तरी रोज सकाळी देवाजवळ दिवा लावून त्या नावं घेत. लेक, जावई, नातवंडं, तिघी बहिणी, गेलेले आईवडील, एवढंच काय, माहेरची म्हैससुद्धा. यजमान समोर चहा पीत ऐकत.

“कुणी राहिलं न्हाई न्हवं?” ते विचारत.

“न्हाई हो,” त्या म्हणत.

पुतण्याच्या लग्नात नव्या नवरीने फटकन उखाणा घेतला. ती एरवीही नवऱ्याला नावानेच हाक मारी, तिला त्याचं काय! मग पोरींनी मोर्चा वळवला. “आता झिलबावाल्या काकू! काकू, नाव घ्या!”

हेमलताबाईंचा उखाणा ठरलेला होता. त्यांच्या स्वतःच्या लग्नापासून तोच. त्यांनी पदर सावरला.

“लोखंड होतं मऊ तापलेल्या भट्टीत…”

पुढे नाव यायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. तिथं काही नव्हतं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. जिभेवर आलं ते ‘झिल’, आणि त्यांनी ओठ गच्च मिटले.

“काकू लाजल्या!” पोरी ओरडल्या.

“सरा, मी घेते,” म्हणत जाऊबाई पुढे आल्या. पहिली ओळ त्यांनी झोकात म्हटली, आणि त्याही थांबल्या. त्यांच्याही स्वयंपाकघरात झिलबाचंच नाव घेतलं जाई. हसू हळूहळू ओसरलं. मागे बसलेल्या थोरल्या बायका ओठ हलवून आपापलं नाव चाचपू लागल्या. एकही पुढे येईना.

यजमान पुरुषांतून उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, “दिगंबर.”

“दिगंबररावांचं नाव घेते लोहारांच्या पंगतीत,” हेमलताबाईंनी कसंबसं संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना मात्र ते नाव शेजारच्या आळीतल्या माणसाचं वाटलं.

परतताना रिक्षात त्यांचे डोळे वाहत होते. सगळ्यांची नावं घेतली, म्हशीचं घेतलं, आणि समोर चहा पीत बसलेल्या माणसाचं राहिलं. घ्यायची सवयच नव्हती. अहो म्हटलं की भागत होतं. त्या पोरीसारख्या घोकू लागल्या, “दिगंबर. दिगंबर. दिगंबर.”

“आख्ख्या संसारात एवढ्या वेळा घेतलं न्हाईस,” यजमान हसले. “रडू नगं. मी सांगत जाईन रोज.”

त्यांना जरा बरं वाटलं. मग एकदम काहीतरी सुचून त्यांनी डोळे पुसले.

“आणि माझं हो? तुम्ही कधी घेता माझं?”

“घेतो की.”

“घ्या बघू.”

यजमानांनी तोंड उघडलं. मग ते बाहेर बघू लागले. एक चौक गेला, दुसरा गेला. त्यांच्या मांडीवरची बोटं नसलेला मिक्सर खोलू लागली.

“अगं,” अखेर ते म्हणाले, “असं काय विचारतीयास?”