आप्पांच्या काठीचं वजन

पारखू नावाच्या यंत्रमानवाची बेरीज आजवर कधी चुकली नव्हती. तरीही लातूरच्या बिराजदारांना त्यानं अशी गाडी सुचवली, की घरातल्या एका माणसाला तिच्यात पायच ठेवता येईना. बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर आणि उत्तर मात्र साफ चूक! असं कसं होईल? दहा वर्षांच्या अक्कूला हे कोडं पडलं आणि त्यात गंमत अशी, की कोडं घालणारीही तीच होती.

ही गोष्ट आहे २०४४ सालची. येळवस आठ दिवसांवर आली होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं लातूर कुलपं लावून शेतात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटी उभारायची, पूजा करायची आणि मग मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली ताकाची गारेगार आंबील यांच्यावर आडवा हात मारायचा. बिराजदारांची जुनी जीप मात्र दिवाळीतच कायमची झोपली होती. नवी गाडी घ्यायची होती. पाच माणसं ऐसपैस बसतील अशी, घरासाठीची, मध्यम आकाराची एसयूव्ही. विजेवर चालणाऱ्या तीन गाड्या पप्पांच्या मनात भरल्या होत्या : डोंगरी, माळवा आणि झेप. तिन्ही चांगल्या. म्हणून तर पंचाईत!

पप्पा रोज डोंगरी म्हणून झोपायचे आणि झेप म्हणून उठायचे. शेवटी आई वैतागली आणि तिनं एका दिवसासाठी पारखूला बोलावलं.

पारखू उंचीला पाण्याच्या पिंपाएवढा होता. पोटावर पडदा, हाताला मोजपट्टी. तिन्ही गाड्या तो आधीच मोजून आला होता. अंगणात उभं राहून तो म्हणाला, "नमस्कार. तुलनेचे मुद्दे चार आहेत. डिकी किती मोठी, गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, एका चार्जिंगमधला पल्ला किती आणि चढ-उतार किती सोपा. प्रत्येक मुद्द्याला किती वजन द्यायचं, तेवढं सांगा."

"अक्के, तू सांग गं त्याला," म्हणत पप्पा दुकानाला निघाले. आई आधीच शाळेत शिकवायला गेली होती.

दुसऱ्या कुठल्या घरातली मुलगी असती तर तिनं विचारलं असतं, की वजन म्हणजे काय? पण अक्कू पडली मन्मथ आप्पांची नात. तिचे आजोबा आप्पा तीस वर्षं वजनमापांच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. प्रमाण वजनं (ज्यांच्याशी ताडून बाजारातली वजनं खरी की खोटी ते ठरवतात ती) सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. या घरात वजन म्हटलं, की एकच गोष्ट सुचायची. अक्कूनं आप्पांचा वजनकाटा बाहेर आणला आणि ती कामाला लागली.

डिकीत काय जातं? येळवशीचं सामान. पातेली, परात, सतरंज्या आणि आंबिलीचा माठ पाण्यानं भरून. एकेक करत सगळं काट्यावर चढलं. साठ किलो! गाडीचं पोट उंच कशाला हवं? शेताच्या वाटेवरच्या मेल्या दगडांमुळे. तसलाच एक दगड परसात होता. तो भरला आठ किलो. पल्ल्यासाठी तिनं चार्जिंगची केबल तोलली. सहा किलो.

राहिला चढ-उतार. त्याचं वजन कसं करायचं? अक्कू नखं खात विचार करत बसली. एवढ्यात कोपऱ्यात आप्पांची काठी दिसली. चढा-उतरायला लागते ती हीच की! काठी भरली अर्धा किलो.

"साठ, आठ, सहा आणि अर्धा," तिनं ऐटीत सांगितलं.

"नोंद केली," पारखू म्हणाला. त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नसे. पडद्यावर आकडे उमटले. डोंगरी ६५५, माळवा ४४८, झेप ३९५.

संध्याकाळी पप्पांनी ते पाहिलं आणि त्यांची कळी खुलली. "बघ, डोंगरीच! मी म्हणतच होतो." शोरूमला फोन गेला आणि तासाभरात डोंगरी दारात हजर झाली. काळीभोर, रुबाबदार. शोरूमचा माणूस म्हणाला, रात्री आठच्या आत हो म्हणालात, तर गाडी येळवशीच्या आधी हातात.

"आप्पा, पहिला मान तुमचा. बसा," पप्पा म्हणाले.

आप्पा काठी टेकत गाडीपाशी गेले. डोंगरीची पायरी त्यांच्या गुडघ्याच्याही वर येत होती. त्यांनी एक पाय उचलला, खाली ठेवला. मग दुसरा उचलून पाहिला. मग फक्त गाडी बघायलाच आल्यासारखं करत त्यांनी दरवाजावर हात फिरवला आणि ते हसले. "झकास आहे गाडी. घेऊन टाक बस्वराज. येळवशीला तुम्ही जावा सगळे. मला काय आता आंबील सोसत नाही."

ते वळले आणि हळूहळू आत गेले.

हेच वाक्य अक्कूनं मागच्या येळवशीलाही ऐकलं होतं. शब्दन् शब्द हेच! तेव्हा दारात जुनी जीप उभी होती आणि जीपही अशीच उंच होती. त्या दिवशी सगळे शेतात गेले आणि आप्पा दिवसभर घरी एकटेच बसले. संध्याकाळी उरलेली आंबील घरी आणली, तर आप्पांनी ती गुपचूप दोन वाट्या प्यायली होती. अक्कूनं पाहिलं होतं, पण तिला त्याचा अर्थ आज कळला.

तिला रडूच आलं. ती पारखूसमोर जाऊन उभी राहिली. "तू असली कसली गाडी काढलीस? आप्पांना चढता येईना ना!"

"मी चारही मुद्दे विचारात घेतले," पारखू शांतपणे म्हणाला. "चढ-उताराला आपण अर्धा दिला होता."

"अर्धा किलो! काठीचं वजन तेवढंच आहे!"

आतून काठी टेकत आप्पा पुन्हा बाहेर आले. "काय म्हणालीस? कशाचं वजन केलंस?"

अक्कूनं सगळं सांगितलं. दगड, केबल, काठी, सगळं. आप्पा असे हसले, की त्यांना ठसका लागला. "अगं बाई, माझीच नात शोभतेस! अरे पप्पू, ऐक—"

"पारखू," पारखू म्हणाला.

"हां, पारखू. बाबा रे, चूक तुझी नाही आणि हिचीही नाही. वजन हा शब्द दोन अर्थांनी चालतो ना. अक्के, गावात तुझ्या पप्पांच्या शब्दाला वजन आहे, असं म्हणतात. ते किलोत असतं का?"

"नाही."

"मग कशात?"

अक्कूनं जरा विचार केला. "म्हणजे लोक त्यांचं ऐकतात."

"बरोबर. पारखू तेच वजन मागत होता. शास्त्रात त्याला भार म्हणतात (एखाद्या गोष्टीला आपण किती महत्त्व देतो ते सांगणारा आकडा). आता मला सांग, चारशे लिटरची डिकी अधिक दोनशे मिलिमीटर उंची, बरोबर किती?"

"सहाशे..." अक्कू अडखळली. "सहाशे काय?"

"तेच तर! लिटर आणि मिलिमीटर एका पोत्यात भरता येत नाहीत. म्हणून पारखू आधी प्रत्येक गाडीला प्रत्येक विषयात दहापैकी गुण देतो. तुमच्या बाई देतात तसे. दाखव रे गुण."

पडद्यावर तक्ता आला. डोंगरीला डिकीत नऊ, उंचीत नऊ, पल्ल्यात सात आणि चढ-उतारात दोन. माळवाला सहा, सहा, सहा आणि आठ. झेपला पाच, चार, दहा आणि सहा.

"आता नुसती बेरीज केली तर डोंगरी सत्तावीस, माळवा सव्वीस, झेप पंचवीस. उन्नीस-बीसचा फरक. पण नुसत्या बेरजेत सगळे विषय सारखेच महत्त्वाचे धरले जातात. ते तसे नसतात. म्हणून प्रत्येक गुणाला त्या विषयाच्या भारानं गुणायचं आणि मग बेरीज करायची. ही झाली भारित बेरीज (महत्त्व धरून केलेली बेरीज). तू डिकीला साठ दिलेस आणि चढ-उताराला अर्धा. माळवाचे चढ-उताराचे आठ गुण त्या अर्ध्यानं गुणले, की उरले चार. डोंगरीच्या डिकीचे नऊ गुण साठानं गुणले, की झाले पाचशे चाळीस. चार गुणांचा आवाज त्यात कुणाला ऐकू येणार?"

अक्कूनं डोळे पुसले. "मग भार परत देऊ या."

एव्हाना आई-पप्पाही जवळ येऊन उभे राहिले होते. आईनं सोलायला आणलेल्या तुरीच्या शेंगांमधून दहा शेंगा मोजून काढल्या आणि चार ताटल्या मांडल्या. जो मुद्दा जास्त महत्त्वाचा, त्याच्या ताटलीत जास्त शेंगा. पहिला मान अर्थातच आप्पांचा.

आप्पांनी चार शेंगा डिकीत ठेवल्या, तीन उंचीत, तीन पल्ल्यात. चढ-उताराची ताटली रिकामी.

"आप्पा!" आई म्हणाली.

"गाडी पंधरा वर्षं चालणार, पल्लवी. माझे गुडघे धरून गाडी कशाला निवडता? मला तसंही आंबील—"

"सोसते!" अक्कू ओरडलीच. "मागच्या वर्षी तुम्ही दोन वाट्या प्यायलात. मी बघितलंय. तुम्हाला आंबील सोसते, आप्पा. तुम्हाला जीपमध्ये चढता येत नव्हतं!"

आप्पा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. पप्पांचा चेहरा पार उतरला. वर्षभर आपल्या हे लक्षात कसं आलं नाही, याची त्यांना लाज वाटली आणि ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. ते खाली बसले. त्यांनी पल्ल्याच्या ताटलीतून दोन शेंगा उचलल्या, डिकीतून दोन उचलल्या आणि चारही शेंगा रिकाम्या ताटलीत ठेवल्या.

"पल्ला एक, डिकी दोन, उंची तीन, चढ-उतार चार," पप्पा म्हणाले. "शेताच्या वाटेवर दगड आहेत, म्हणून उंचीच्या तीन राहू द्या. कर रे गुणाकार."

"तू थांब. मी करते," अक्कू म्हणाली आणि पाटीवर मांडू लागली. माळवाचे चढ-उताराचे आठ चोक बत्तीस, उंचीचे सहा त्रिक अठरा, डिकीचे बारा, पल्ल्याचे सहा. एकूण अडुसष्ट. डोंगरीचे आठ, सत्तावीस, अठरा आणि सात. एकूण साठ. झेप छप्पन्नवर थांबली.

"माळवा!" ती ओरडली.

"बेरीज बरोबर आहे," पारखू म्हणाला. मग थोडा वेळ त्याच्या पडद्यावर नुसताच एक ठिपका लुकलुकत राहिला. "एक विचारू? घरात कोण कोण आहे, हे मी आधी विचारायला हवं होतं का?"

"हवं होतं," आप्पा म्हणाले. "पण आता तुला ठाऊक झालं ना? पुढच्या घरी विचार."

"नोंद केली," पारखू म्हणाला आणि त्यानं खरंच नोंद केली. त्यानंतर लातूरमध्ये तो ज्या ज्या घरी गेला, तिथं त्याचा पहिला प्रश्न असायचा, "गाडीत कोण कोण बसणार आणि कुणाला चढताना त्रास होतो?" पुढे ती नोंद इतर गावांतल्या पारखूंकडेही गेली आणि तेही तसंच विचारू लागले.

येळवशीच्या सकाळी माळवा दारात आली. डिकी लहान, त्यामुळे परात आणि पातेली बसली, पण आंबिलीचा माठ काही केल्या मावेना. आई म्हणाली, "डिकीला दोनच शेंगा दिल्या की आपण. आता भोगा!" शेवटी माठ आप्पांच्या मांडीवर आला. आप्पा एका पावलात गाडीत चढले होते आणि खिडकीशी ऐटीत बसले होते. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात आंबील हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडत होती आणि ते प्रत्येक वेळी "अगं अगं अगं" करत हसत होते.

शेतात पूजा झाली. हरभरा गुडघ्याला लागत होता. कोपीच्या सावलीत पंगत बसली. अक्कूनं आप्पांना पहिली वाटी दिली, मग दुसरी. तिसऱ्यांदा आप्पांनी स्वतःच वाटी पुढं केली.

"सोसतेय का, आप्पा?" अक्कूनं डोळे मिचकावत विचारलं.

"काठोकाठ भर," आप्पा म्हणाले. "मागच्या वर्षीची बाकी आहे."