दुभाषा गेल्यानंतर

मी सायकॉलॉजिस्ट आहे. लोक मला भास सांगतात, मी ते शांतपणे ऐकते, हे माझं काम. त्यामुळे ही गोष्ट मी सांगतेय म्हटल्यावर माझ्या घरचेच हसतील.

हसोत. घडलं ते घडलं.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. मंगळवार. दुपारचे सव्वाचार, चांगलं ऊन होतं.

जागा, कर्वेनगरमधलं आमचं छोटं क्लिनिक. देश सोडून पुण्यात आलेली अफगाण कुटुंबं आमच्याकडे येतात. आठ वर्षं त्यांच्या आणि आमच्या मध्ये एक माणूस बसायचा. नूरआगा काका, आमचे दुभाषे. पेशंट फारसीत बोलायचा, काका घसा खाकरायचे आणि मराठीत सांगायचे. कधीकधी वर स्वतःचंही जोडायचे.

"अपेक्षाबेटी, हे त्याने म्हटलं. पण खरं नाही."

आमच्या नियमात हे बसत नाही. दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही. म्हणून फारसी ऐकून मराठी लिहिणारे आणि आमचं मराठी फारसीत बोलून दाखवणारे टॅब आले, तेव्हा अहवालात मीच लिहिलं, दुभाषा पदरचं घालतो, टॅब घालत नाही.

काकांचं काम बंद झालं. ऑक्टोबरात ते झोपेतच गेले.

मी मयतीला गेले नाही. टॅबच्या ट्रेनिंगची तयारी चालली होती. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

त्या मंगळवारी मी शालनताईंना टॅब शिकवत होते. ताई आमच्या सगळ्यात जुन्या समुपदेशक. टॅब नको, वहीच बरी म्हणणाऱ्या.

"हे यंत्र रडणाऱ्याला रुमाल देतं का गं?" त्यांनी विचारलं.

"ताई, तुम्ही फक्त बघा. बोलू नका."

"बरं. गप्प बसायलाही ट्रेनिंग लागतं म्हणायचं."

पेशंट होता जाविद. काबूलला भूगोल शिकवायचा, इथे हॉटेलात भांडी घासायचा. बायको, दोन मुली. त्याची परवानगी घेऊनच आम्ही बसलो होतो.

टॅब प्रत्येक बोलणाऱ्याला नंबर देतो. मी आवाज एक. जाविद आवाज दोन.

झोप लागते का?

लागते.

जगणं नकोसं वाटतं का?

जाविद थांबला. मग त्याने मान डावीकडे वळवली...

तिथे काका बसायचे. आता तिथे खुर्चीसुद्धा नव्हती.

"नाही," तो फारसीत म्हणाला. "आता सगळं ठीक आहे."

स्क्रीन हिरवी झाली. धोका नाही.

आणि कुणीतरी घसा खाकरला...

मी ताईंकडे पाहिलं. "काही म्हणालात?"

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं, तूच गप्प बसवलंयस ना, अशा नजरेने.

जाविद उठला. हसला, हात छातीवर ठेवला आणि गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजत होती.

मी टॅब उचलला. खाली एक नवी ओळ उमटत होती. अक्षर... अक्षर...

आवाज तीन.



"अपेक्षाबेटी, हे त्याने म्हटलं. पण खरं नाही."

मी काय केलं असेल? ओळ पुसली. हो, पुसली. शिकणाऱ्या माणसासमोर यंत्र चुकलं, याची मला आधी शरम वाटली.

ती ओळ परत आली.

खाली आणखी एक.

"त्याला जाऊ देऊ नको."

शालनताईंनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं. काकांबरोबर त्यांनी आठ वर्षं काम केलं होतं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "बघत काय बसलीस?"

गुडघे दुखणारी ती बाई माझ्याआधी जिना उतरली.

खाली रिसेप्शनवर ऋतुजा एक पाकीट हातात घेऊन बसली होती. "ते जाविदसर देऊन गेले. बायको आली की द्या, असं मोडक्या हिंदीत म्हणाले."

पाकिटात मुलींची कागदपत्रं होती. आणि घराची किल्ली.

जाविद आम्हाला रस्त्याच्या कोपऱ्यावर सापडला. ताईंनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. तिथेच फुटपाथवर बसून तो लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी तो घरी जाणार नव्हता.

आज तो बरा आहे. मुली शाळेत जातात.

मी ते रेकॉर्डिंग टॅब बनवणाऱ्यांकडे पाठवलं. त्यांनी ऐकलं, मीही दहादा ऐकलं. ताई 'ऊठ' म्हणाल्या तोवर आवाज दोनच. त्या जागी नुसती शांतता, अकरा सेकंद.

"मॅडम, बग असेल," तिथला मुलगा म्हणाला. "फिक्स करून देतो."

नको, असं मला म्हणता आलं नाही. काय कारण सांगणार होते मी?

जानेवारीत नवं व्हर्जन आलं. आता खोलीत किती माणसं आहेत ते आधी भरायचं. दोन भरले की टॅब दोनच आवाज लिहितो. तिसरं काही ऐकू आलं तरी गाळतो.

उत्तम चालतो. मी चौतीस जणांना शिकवलाय.

मागच्या सोमवारी एक बाई आली होती. तिशीची, एकटी. झोप लागते म्हणाली, ठीक आहे म्हणाली. स्क्रीन हिरवी.

मला मात्र बरं वाटेना. ती चप्पल घालत होती तेव्हा मी त्या रिकाम्या जागेकडे बघून हळूच म्हटलंसुद्धा, "काका?"

स्क्रीनवर काही आलं नाही.

ते बोलले नव्हते, की टॅबने गाळलं होतं?

मी तिला जाऊ दिलं.

आज तिची चारची वेळ होती. आता पावणेसहा झालेत. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. शालनताई रिक्षा करून तिच्या खोलीवर गेल्यात. ती इकडे आली तर कुणीतरी हवं, म्हणून मी थांबलेय आणि बसवत नाही म्हणून हे लिहितेय.

आत्ता ताईंचा फोन आला होता.

दार आतून बंद आहे म्हणाल्या.